पऱ्हाटीची काच पाहून आलो

पारावर जाऊन बसलं की जो तो एकच विचारतो, "तात्या, पऱ्हाटीची काच खरंच असती का?" एकाला सांगून होत नाय तोवर दुसरा येतो. दुसऱ्याला सांगेपर्यंत पहिला त्यात मीठमसाला घालून तिसऱ्याला सांगून मोकळा. परवा तर माझ्याच कानावर आलं की मी औरंगाबादेत जाऊन लाकूड खाऊन आलो. म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं, येत नाय त्याला वाचून दाखवावं, आणि मग माझं डोकं खाऊ नये.

माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातलंही शेवटचं वर्ष मेंढरांमागं गेलं. चुका असतील त्या तुमच्या तुम्ही सुधारून घ्या. शहराच्या पाट्यांवर आता छत्रपती संभाजीनगर लिहिलंय, पण माझ्या तोंडातलं औरंगाबाद अजून जात नाय. दोन्ही एकच समजा.

आमची घरची मार्गशीर्षात गेली, हे गावाला ठाऊक आहे. त्यानंतर मी सोयगाव तालुक्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. खरं तर अंगणाबाहेरही टाकलं नव्हतं. घोंगडीचा माग सोडून माळ्यावर टाकून दिला. एकट्यानं घोंगडी होत नाय. मी विणायचो, पण सूत तिनं कातलेलं असायचं, आणि विणून झाल्यावर घोंगडीला चढवायची चिंचोक्याची खळ तिनंच शिजवलेली असायची. मी फक्त कुंचा मारायचो.

माघात पडेगावहून फोन आला. तिथं माझी मेव्हणी कौसा राहते, घरच्या बाईची धाकटी बहीण. ती पण माझ्यासारखीच एकटी, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. फोनवर तिची पोरगी ज्योती होती. लई शिकलेली पोरगी. काय शिकली ते मला सांगता येत नाय.

"मावसा, यंदाची पऱ्हाटी जाळली का?"

"अजून नाय. बांधावर रचलीय." कापूस वेचून झाला की जी वाळकी झाडं उरतात ती आपण जाळतो, नायतर चुलीत घालतो. शहरातल्या पोरीला तिचं काय काम, मला कळंना.

"जाळू नका. मला तिची काच करायचीय. दोन पोती तुकडे करून आणा. एकाच रानातली, माती न लागलेली. आणि तुम्हीच घेऊन या."

"का, गाड्या बंद पडल्या व्हय माल आणायच्या?"

मागून कौसाचा आवाज आला, "दाजींना म्हणावं, येत नसतील तर मीच येते तिकडं. आणि मी आले की महिनाभर हालत नाय!"

धमकी खरी होती. निघालो.

सोमवार: गाडीत

एसटीच्या दारात कंडक्टर बाईनं पोती अडवली. एका पोत्याचं तोंड उघडून आत पाहिलं.

"बाबा, सरपण? औरंगाबादेत गॅस मिळतो."

"गॅसची काच होत नाय," मी म्हणलं. मला स्वतःला ठाऊक नव्हतं, पण फोनवर ऐकलं होतं ते फेकलं.

मागच्या सीटवरचा एक जण हसत म्हणाला, "लाकडं घेऊन कुठं मयताला चालले का काय म्हातारबा?"

"मयत होऊन गेली," मी म्हणलं. "ही वेगळ्या कामाची."

मग कंडक्टर बाईनं एक पोतं स्वतः उचलून ड्रायव्हरच्या मागं ठेवलं आणि मला तिथंच बसवलं. घाट येईपर्यंत तो मागचा माणूस उठून माझ्याजवळ आला, खिशातून भाजलेल्या शेंगा काढल्या, अर्ध्या माझ्या हातात दिल्या आणि परत जाऊन बसला. माफी मागायची ही रीत मला आवडली. शेंगा खमंग होत्या.

अजिंठ्याचा घाट चढताना पळसाला नुकती फुलं आली होती. ज्यांनी घाट पाहिलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाय पाहिला त्यांनी माघातच पाहावा. पावसाळ्यात सगळेच डोंगर हिरवे दिसतात, त्यात काय विशेष. सिल्लोडला गाडी थांबली तेव्हा मिरचीची भजी खाल्ली. एक मिरची अशी लागली की पुढं फुलंब्रीपर्यंत मी तोंड उघडं ठेवूनच बसलो होतो. शेजारच्या बाईला वाटलं मला दम लागलाय.

छावणीवरून पुढं दौलताबादच्या रस्त्याला लागलं की पडेगाव. रिक्षातून उतरलो तर कौसा दारातच. आधी रडली. मग डोळे पुसून मला खालीवर पाहिलं.

"इतके वाळलेत? पोरगा जेवायला घालतो का पोत्यातलंच खाता?"

"तुझ्या हातचं खाण्यापेक्षा पोत्यातलं बरं."

"बसा मग उपाशी."

असं म्हणून तिनं बाजरीची भाकर, येसराची आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पुढं ठेवला. भाजलेल्या धान्या-मसाल्याचं ते पीठ आपल्याकडंही करतात, पण कौसा त्यात जरा जास्त खोबरं भाजते. बहिणी असून दोघींचे हात वेगळे. मी तीन भाकरी खाल्ल्या. मार्गशीर्षापासून एका वेळी तीन भाकरी पोटात गेल्या नव्हत्या.

मंगळवार: शेडमध्ये

ज्योतीचं काम घराच्या मागंच एका पत्र्याच्या शेडमध्ये चालतं. तिच्याबरोबर शकील नावाचा एक माणूस आहे, पन्नाशीचा. त्याच्या वाडवडलांचं काम दौलताबादेकडच्या हातकागदाचं, त्यामुळं लगदा त्याला हातानं कळतो. त्यानं माझ्या पोत्यात हात घातला, एक काडी मोडून वास घेतला आणि दाताखाली धरली.

"चचा, बहोत साफ माल लाए. मिट्टी कतई नहीं."

"रान माझं आहे. माती कुठं असती कुठं नसती मला ठाऊक आहे."

"हौ, हौ. कैकू गुस्सा होते? तारीफ कर रा मैं."

आता नीट वाचा, म्हणजे पुन्हा विचारावं लागणार नाय. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून मोठ्या पिंपात औषधाच्या पाण्यात शिजवतात. काडीला जो कडकपणा असतो, तो ताठ धरणारा चिकटपदार्थ, तो त्या पाण्यात उतरतो. पाणी चहासारखं काळं होतं. मागं उरतो तो धागा. तो धुऊन धुऊन पांढरा करतात. मग दोन दगडांमध्ये तो भरडतात. आपलं जातंच, फक्त मोटारीवरचं, आणि एकदा नाय, पुन्हा पुन्हा. शेवटी त्या दगडातून जे निघतं ते पाहून मी ज्योतीला म्हणलं, "हे तर म्हशीच्या दुधाचं दही." तसंच दिसतं. पण खाऊ नका. मी खाल्लं नाय, फक्त बोट लावून चाटलं, आणि लाकूड खाल्ल्याची अफवा शकीलनं तेवढ्यावरून उठवली. चव कशाचीच नाय.

हे दही सपाट ताटात पातळ ओतून वाळवलं की त्याचा कागद होतो, पण कागद म्हणावा तर आरपार दिसतं. पऱ्हाटीची काच म्हणतात ती हीच. ज्योतीनं तो माझ्या तळहातावर ठेवला. माझ्या हातावरचे घट्टे, रेषा, विळ्याची जुनी खूण, सगळं त्यातून दिसलं. जे आपण दरवर्षी काडी लावून पेटवून देतो, त्यातून मी माझाच हात पाहत होतो.

तिनं आणखी दोन गोष्टी दाखवल्या. एक सुबाभळीची पातळ फळी होती, तिच्यातला तोच चिकटपदार्थ काढून आत दुसरं काही भरलेलं. ती फळी वर्तमानपत्रावर ठेवली की खालची अक्षरं वाचता येतात, जरा धुक्यातून वाचल्यासारखी. लाकडाच्या रेषाही दिसतात आणि बातमीही दिसते. दुसरी वस्तू पांढरा ठोकळा, त्याच दह्याला गोठवून सुकवलेला. हातात घेतला तर वजनच नाय. ज्वारीच्या धांड्याच्या गाभ्याच्या गाड्या आपण लहानपणी केल्यात ना, तसलाच गाभा, पण माणसानं बनवलेला. मी तो गालाला लावून पाहिला. कौसा म्हणाली, "लहान पोरागत काय करताय?" मी म्हणलं, "तू लावून पाह्य." तिनंही लावला, आणि मग परत देईना.

दुपारी शकीलच्या घरून नान-खलिया आला. नान म्हणजे आपल्या भाकरीची चौपट, त्याला वरून पिवळा रंग, आणि खलिया म्हणजे मटणाचा पातळ रस्सा. आपण रस्सा भाकरीत कुस्करतो, ते नान तोडून रश्श्यात सोडतात आणि ते भिजेपर्यंत गप्पा मारतात. मला गप्पा सुचंनात, मी नानकडंच पाहत होतो.

जेवताना ज्योतीनं खरं काय ते सांगितलं. शुक्रवारी पुण्याच्या एक बाई येणार होत्या. त्या दौलताबादेकडचं अंजीर पॅक करून लांब पाठवतात, आणि प्लास्टिकऐवजी त्यांना हा आरपार कागद हवा होता. कागद टिकला तर शेड राहणार. नाय टिकला तर महिनाअखेर शेड सोडायचं, आणि ज्योती पुण्याला नोकरीला जाणार. तिथल्या एका कंपनीनं बोलावलेलंच होतं.

"आणि कौसा?" मी विचारलं.

"आई म्हणते मी येत नाय पुण्याला."

"मी कशाला जाऊ?" कौसा म्हणाली. "तिथं मला कोण शिव्या घालणार?" आणि उठून भांडी घासायला गेली. ज्योतीनं मान खाली घातली.

अडचण एकच होती. कागद वाळला की कडक व्हायचा, दुमडला की पापडासारखा तडकायचा. शुक्रवारसाठी पाच ताटं ओतून ठेवली होती. ती पण तडकतील याची दोघांनाही धास्ती होती.

बुधवार: माझी करणी

हा दिवस लिहावा का नाय यावर मी बराच विचार केला. लिहितो, कारण कौसा लिहिल्याशिवाय सोडणार नाय.

ज्योती आणि शकील सकाळी मोटारीचा पट्टा आणायला शहरात गेले. शेडमध्ये मी एकटा, पुढं पाच ताटं, प्रत्येकात अर्धवट वाळलेला कागदाचा पातळ थर. एकाच्या कडेला तडा जायला लागला होता. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं ताणून वाळत घातलेल्या घोंगडीपुढं कुणी हात बांधून बसतं का? जो जवळ असेल तो कुंचा उचलतो. विचारत नाय. विचारत बसलं तर वाळून जातं. आमच्या वस्तीवर कुणाच्याही घोंगडीला कुणीही खळ मारायचं, आणि ज्याची घोंगडी तो वरून चहा पाजायचा.

कौसाच्या डब्यात उन्हाळ्यातले चिंचोके होते. मी ते भाजले, खलबत्त्यात कुटले, पाण्यात टाकून चुलीवर ढवळले. कौसा शेजारी गेलेली. खळ घट्ट झाली. कुंचा नव्हता, म्हणून नारळाच्या शेंडीचा केला. आणि पाचही ताटांवर, घोंगडीला मारतो तशी, चांगली दणकून मारली. हात फिरायला लागल्यावर बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. दोन महिन्यांनी हाताला काम मिळालं होतं. मी गुणगुणत पण होतो म्हणे, हे कौसा सांगते, मला आठवत नाय.

ज्योती दारात आली आणि तिथंच उभी राहिली. ताटं तपकिरी झाली होती. वर कुंच्याचे ओरखडे, मधेमधे सालीचे काळे कण.

"मावसा, हे काय केलंत?"

"खळ मारली. तडकत होते."

"अहो, आरपार दिसलं पाहिजे ना! यातून काय दिसणार? परवा बाई येणार!"

ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. शकीलनं एका ताटात वाकून पाहिलं आणि म्हणाला, "चचा ने तो घोंगडी बना दी." मग त्यालाच वाटलं की बोलायला नको होतं.

कौसा आली तेव्हा माझ्यावर तुटून पडली. "पोरीचं वर्षभराचं काम! कुणी सांगितलं होतं हात लावायला? अक्का असती तर तुमचा हात धरला असता!"

"अक्का असती तर खळ नीट झाली असती," मी ओरडलो.

मी पिशवी भरून ठेवली. सकाळच्या गाडीनं गावी जायचं ठरवलं.

गुरुवार: साल

सकाळी पिशवी घेऊन शेडमध्ये गेलो, निरोप घ्यायला. ज्योती ताटांतले तपकिरी कागद सोलून टोपलीत टाकत होती. माझ्याकडं पाहिलं नाय. एक कागद तिनं रागानं दोन्ही हातांत धरून चुरगाळला. तडकल्याचा आवाज व्हायला पाहिजे होता. झाला नाय. तिनं मूठ उघडली. कागद हळूहळू परत पसरला.

तिनं पुन्हा चुरगाळला. घडी घातली, नखानं दाबली, उलटी घातली. शकील हातातला पट्टा टाकून आला. त्यानं तो कागद कानाजवळ नेऊन दोन्ही बाजूंनी ओढला.

"ज्योतीताई, ये तो कपडे जैसा हुआ."

"मावसा," ज्योती म्हणाली, "खळ कशी करतात? सगळं सांगा. पहिल्यापासून."

मी पिशवी खाली ठेवली. सांगायला लागलो आणि अडकलो. भाजायचे, कुटायचे, शिजवायचे, एवढंच मला ठाऊक. पन्नास वर्षं ती माझ्यासमोर खळ करत होती आणि मी अर्धंच पाहिलं होतं. रंग तपकिरी का झाला म्हणून ज्योतीनं विचारलं तेव्हा मात्र डोळ्यापुढं आलं. ती पोत्याच्या तुकड्यावर भाजलेले चिंचोके घेऊन बसायची, एकेक चोळून साल काढायची, फुंकायची, पुन्हा चोळायची. तांदळासारखे पांढरे होईपर्यंत. मी वैतागायचो. म्हणायचो, घोंगडी काळीच असती, साल राहिली तर कुणाला दिसणार? ती म्हणायची, "मला दिसतं."

हे मी सांगितलं तेव्हा कौसा दारात उभी होती. ती म्हणाली, "आणि सोलल्यावर भिजत घालायची. गरम पाण्यात नाय, थंड. मग दगडावर वाटायची. वाटताना पाणी थोडं थोडं. शिजली की फडक्यातून गाळायची. आईनं दोघींना शिकवलं होतं. अक्काला नीट आलं, मी पळून जायची."

"मग कर की आता," मी म्हणलं.

"तुम्ही साल काढा, मग करते."

बसलो साल काढत. दुपारपर्यंत आम्ही दोघं पोत्याच्या तुकड्यावर. कौसा माझा प्रत्येक चिंचोका तपासून परत टाकायची. "हा काय सोलला? नवरदेवाची दाढी बरी." शकीलनं एक मूठ घेतली आणि अर्ध्या तासात बोटं झटकत उठला, म्हणाला हातकागद सोपा. वाटलेली खळ कौसानं शिजवली, तीनदा गाळली. पाण्यासारखी स्वच्छ, जराशी दुधट. ज्योतीनं ती वरून मारली नाय. मोजून, चमच्या-चमच्यानं त्या दह्यात मिसळली, आणि दगडांतून आणखी एक फेरा काढला. म्हणाली, या खळीत जे आहे ते पऱ्हाटीच्या धाग्याला आपणहून धरतं, दोघं झाडाचेच. एवढं मला कळलं. बाकी ती जे बोलली ते शकीललाही कळलं नसावं, पण तो मान हलवत होता.

उन्हं असतानाच ताटं ओतून झाली. मी हात पाठीमागं बांधून लांब उभा राहिलो.

शुक्रवार: अंजीर

कागद सकाळी सुटले. आरपार, जरा मलईच्या रंगाचे. घडीला तडकले नाय.

पुण्याच्या बाई आल्या. बारीक, केस कापलेल्या, बोलणं कमी. मला बरी वाटली, माझ्यासारखीच तोंडावर बोलणारी. तिनं कागद चुरगाळला, पाण्याचा थेंब टाकला, डोळ्यासमोर धरला. मग गाडीतून पिकलेल्या अंजिरांचे दोन खोके आणले. एकावर तिचं नेहमीचं प्लास्टिक लावलं, दुसऱ्यावर ज्योतीचा कागद. दोन्ही शेडमध्ये पत्र्याखाली ठेवले.

"मी वेरूळला जाऊन येते. पाच वाजता उघडू. तोवर कुणी हात लावायचा नाही."

हे म्हणताना तिनं माझ्याकडंच का पाहिलं? ज्योतीनं सांगितलं असणार.

ज्योती खोक्यांपुढं स्टूल टाकून बसली. तिच्याकडं पाहवेना, म्हणून कौसानं मला रिक्षात घालून पाणचक्कीला नेलं. लांबच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून इथवर आणलंय आणि त्या पाण्यावर जातं फिरायचं. हौदात मोठाले मासे. कौसानं त्यांना फुटाणे टाकले आणि मला एकही दिला नाय. येताना रिक्षातून मकबरा दाखवला. म्हणाली, पोरानं आईसाठी बांधलाय. रिक्षावाला म्हणाला, संगमरवर थोडाच आहे, बाकी चुना. मी म्हणलं, बरोबर आहे, पोराकडून अजून किती होणार. कौसा हसायला लागली ती पडेगावपर्यंत. पण मधेच घड्याळात पाहायची, मी पण पाहायचो.

"नाय टिकला तर," ती म्हणाली, "पोरीला अडवायचं नाय. जाऊ द्यायचं. मी राहीन."

"मी येत जाईन शिव्या घालायला."

"याच."

पाचला बाई आल्या. आधी प्लास्टिकचा खोका उघडला. आतून घाम धरला होता, थेंब अंजिरावर पडून बुडं ओली झाली होती. मग ज्योतीचा. कागद जरा सैल पडला होता, एका कोपऱ्याला सुरकुती. बाईनं त्या सुरकुतीवर बोट ठेवलं आणि तशीच उभी राहिली. ज्योती स्टुलावरून उठून पुढं आली. मग बाईनं एक अंजीर उचललं, बोटानं दाबलं, बुड पाहिलं. कोरडं. दुसरं. कोरडं. तिसरं तिनं खाल्लं.

"ही सुरकुती मला नकोय," बाई म्हणाली.

"नाही येणार," ज्योती म्हणाली.

"येईल. पण कमी करा. अंजिराचा हंगाम संपेपर्यंत मला हे द्या. जमलं तर पुढं पेरूला पाहू."

म्हणजे शेड हंगामभर तरी राहिलं. कौसानं तिथल्या तिथं बाईच्या हातात भाकरी-ठेच्याचं ताट दिलं. बाईनं ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, पण ताट खाली ठेवलं नाय. शकीलनं लगेच मोटार चालू केली, उद्याचं भरडण आजच टाकायला. दगड गरगरायला लागले, शेड दणाणून गेलं.

जाताना बाईला कागदाबरोबर लिहून हवं होतं, यात काय काय आहे ते. ज्योती वही घेऊन बसली. पऱ्हाटी, सोयगावची, असं लिहिलं. मग खळीशी थांबली.

"मावसा, खळ कुणाची म्हणून लिहू?"

"घरची."

"घरची म्हणजे कुणाची? नाव सांगा. मावशीचंच लिहायचं."

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाय. लग्नात एकदा घेतलं होतं, सगळ्यांनी कोंडून घ्यायला लावलं म्हणून. पुढं 'अगं' म्हणलं की ती यायची. दुसऱ्यांशी बोलताना 'घरची'. ती गेली तेव्हासुद्धा दवाखान्याच्या कागदावर पोरानं सांगितलं. मी कौसाकडं पाहिलं.

"मी नाय सांगणार," कौसा म्हणाली. "बायको तुमची."

"तू लहान आहेस, सांग की."

"नाय."

ज्योती पेन धरून थांबली. बाई पण थांबली. मी हळू आवाजात सांगितलं. मोटारीच्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाय.

"काय?" ज्योती म्हणाली.

"रुख्मिणबाई!" मी म्हणलं, आणि ते एवढ्या मोठ्यानं निघालं की शकीलनं दचकून मोटार बंद केली.

"क्या हुआ चचा? किसको बुलारे?"

शेडमध्ये एकदम शांत झालं. कौसा तोंडावर पदर धरून हसत होती का रडत होती, मला कळलं नाय.

"कुणाला नाय," मी म्हणलं. "माझ्या बायकोचं नाव सांगतोय. रुख्मिणबाई." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, आणखी एकदा सांगितलं.